पाणी जड असते म्हणजे काय?

मार्च उजाडला की खानदेशात नळाला पाणी येण्याचे दिवस लांबतात आणि घरोघरी बोअरच्या पाण्यावर भागवावे लागते. मग तक्रारी सुरू होतात. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पातेल्याला पांढरा थर बसतो. ‘पाणी जड आहे, मुतखडा होईल,’ असे कोणीतरी सांगते आणि घरातली माणसे पाणी पिणेच कमी करतात. नेमके हेच धोक्याचे आहे. म्हणून पाण्याचा स्वभाव समजून घेऊ.

पाणी विरघळवते

हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक अणू मिळून पाण्याचा रेणू बनतो. त्याच्या एका बाजूला किंचित धन आणि दुसऱ्या बाजूला किंचित ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे मिठासारख्या क्षारांचे कण तो ओढून सुटे करतो. यालाच आपण विरघळणे म्हणतो.

पावसाचे पाणी मुळात हलके असते. पडताना आणि जमिनीत मुरताना ते कार्बन डायऑक्साइड वायू घेते आणि किंचित आम्लधर्मी होते. आपल्याकडचा काळा बेसाल्ट खडक आणि तापीकाठच्या गाळातली चुनखडी यांतून ते कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून घेते. बोअर जितकी खोल, तितका पाण्याचा खडकाशी सहवास सहसा जास्त आणि पाणी जास्त जड. शाळेच्या पुस्तकात यालाच दुष्फेन पाणी म्हणतात. अमरावती, अकोला, बुलढाणा असा प्रवास करून चांगदेवजवळ तापीला मिळणाऱ्या पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा प्रसिद्धच आहे. पण खारे पाणी वेगळे आणि जड पाणी वेगळे. खारेपणा मुख्यतः सोडियमच्या क्षारांचा, जडपणा कॅल्शियम-मॅग्नेशियमचा.

जड म्हणजे वजनाने जड नव्हे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालतो. ६०० मिलिग्रॅम म्हणजे अर्ध्या ग्रॅमहून थोडे अधिक!

डाळ का शिजत नाही?

जळगावची डाळ देशभर जाते, पण जळगावच्याच एखाद्या घरी ती बोअरच्या पाण्यात तासभर टणक राहते. दोष डाळीचा नसतो. पाण्यातले कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट बांधून ठेवते. चिमूटभर सोड्याने डाळ मऊ होते, पण तिच्यातले ब जीवनसत्त्व बरेच नष्ट होते. त्यापेक्षा पाणी आधी उकळून, निवळून वापरावे. उकळल्याने काही क्षार पांढऱ्या थराच्या रूपाने खाली बसतात. हा तात्पुरता जडपणा. सल्फेट व क्लोराइड क्षारांचा जडपणा मात्र उकळून जात नाही.

पाणी जड आहे का, हे घरीच पाहता येते. दोन सारख्या बाटल्यांत पावसाचे आणि बोअरचे पाणी सारखेच घ्या. दोन्हींत अंगाच्या साबणाचा सारखाच किस टाकून हलवा. जड पाण्यात फेस कमी आणि साका जास्त दिसेल.

मुतखड्याची भीती

बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात हे खरे. म्हणून पाण्यातल्या कॅल्शियमवर संशय येतो. पण केवळ जड पाण्याने मुतखडा होतो, असे सिद्ध झालेले नाही. खाण्यापिण्यातले कॅल्शियम उलट आतड्यातच ऑक्झलेटला धरून शौचावाटे बाहेर नेते. मुतखड्याचे मोठे कारण म्हणजे घट्ट झालेली लघवी.

पाण्याचा दुसरा गुण इथे लक्षात घ्यावा. पाण्याची वाफ व्हायला खूप उष्णता लागते. एक लिटर घाम अंगावरच सुकला तर शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. माठातले पाणी गार होते तेही याच कारणाने. भुसावळ-जळगावच्या ४४-४५ अंशांच्या उन्हात शेतात राबणाऱ्याला हा घाम वाचवतो. पण गेलेले पाणी भरून काढले नाही तर लघवी घट्ट होते आणि तीत खडे धरतात. लघवी फिकट पिवळी राहील इतके पाणी दिवसभर थोडे थोडे प्यावे. मुतखडा होऊन गेलेल्यांनी दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके प्यावे आणि मीठ कमी खावे. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे.

नितळ म्हणजे शुद्ध नव्हे

जड पाण्याला आपण घाबरतो आणि नितळ पाण्यावर विश्वास टाकतो. कावीळ, पटकी, विषमज्वर यांचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांनी पाण्याची चवही बदलत नाही. उलट थोडे जड पण जंतुविरहित पाणी बहुतेकांना अपाय करत नाही. फार क्षार असलेल्या पाण्याने नव्या माणसाचे पोट काही दिवस ढिले होऊ शकते, एवढेच.

पाणी खळखळून उकळल्यावर एक मिनिट ठेवले की जंतू मरतात. धुळे समुद्रसपाटीपासून सुमारे २५० मीटर उंचीवर असल्याने तिथे पाणी ९९ अंशांच्या थोडे वर उकळते आणि तोरणमाळला सुमारे ९६ अंशांना. दोन्ही ठिकाणी तेवढी उष्णता पुरते. मात्र उकळून नायट्रेट किंवा फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण वाढते. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, पण जंतूंसाठी क्लोरीनच हवे. क्लोरीनचे थेंब टाकल्यावर अर्धा तास थांबावे.

लक्षात ठेवा

१. पाणी जड आहे म्हणून पिणे कमी करू नका.
२. बोअरचे पाणी वर्षातून एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्या. नायट्रेट ४५ आणि फ्लोराइड दीड मिलिग्रॅमच्या वर गेले तर ते पिऊ नका.
३. एकूण क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील तर केवळ क्षारांसाठी महागडे यंत्र घेण्याची गरज नाही.
४. साठवणीचे पाणी झाकून ठेवा. आठवड्यातून एकदा टाकी, रांजण घासून कोरडे करा, म्हणजे डेंग्यूचे डास होणार नाहीत.
५. जुलाब सुरू झाल्यास एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून पाजत राहा. लघवी थांबली, ग्लानी आली तर वेळ न घालवता दवाखाना गाठा.