बारीक अंगालाही शुगर का होते?

"आमाले काहाची शुगर? आमी का शेठ आहो?" यवतमाळ जिल्ह्यातील वस्त्यांतून फिरताना हे उत्तर आम्ही हमखास ऐकतो. बोलणारा सडपातळ, अंगमेहनतीचा माणूस. बाबासाहेबांना मधुमेहाने किती छळले हे घरोघरी ठाऊक आहे, तरी आपल्याला तो शिवणार नाही असेच वाटते.

काटा रुतला की जागा लाल होते, सुजते, ठणकते. रक्तातील पांढऱ्या पेशी तिथे लढायला धावतात. काम झाले की सूज उतरते. ही सूज हिताची. पण पोटात आतड्यांभोवती चरबी साठली की तिथेही अशाच पेशी जमतात आणि राखेखालच्या निखाऱ्यासारखी मंद सूज वर्षानुवर्षे धुमसत राहते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. तिच्यातून निघणारी रसायने स्नायू व यकृतापर्यंत पोचतात. मग इन्सुलिन कडी वाजविते, पण साखरेला आत घेणारे दार नीट उघडत नाही. स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडते, पुढे थकते, आणि रक्तात साखर चढते. अमेरिकेत होतामिसलिगिल व स्पीगलमन यांनी 1993 साली लठ्ठ उंदरांच्या चरबीत असे एक रसायन दाखविले. ते अडविताच इन्सुलिनचे काम सुधारले. माणसात मात्र गोष्ट इतकी सोपी निघाली नाही.

आता बारीक माणसाचे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा जोडफोटो 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. अंगातील चरबी मात्र युडकिनांची 9 टक्के, याज्ञिकांची 21! याचे मूळ जन्माआधीचे. पुण्याजवळच्या खेड्यांत याज्ञिकांना दिसले की बाळे सरासरी 2.7 किलोची, स्नायू कमी, पण चरबी टिकून. म्हणजे कापूस वेचणाऱ्या गरोदर लेकीसुनेच्या ताटात काय पडते, त्याचा हिशेब बाळाच्या शुगरपर्यंत जातो. सर्वांची जेवणे झाल्यावर उरलेले तिला, ही रीत आपल्याही घरांतून पुरती गेलेली नाही, हे लिहिताना आम्हाला लाज वाटते.

आणि तो खर्रा! तो हिरड्यांची नासाडी करतो. सुजलेल्या हिरड्यांचा दाहही रक्तात उतरतो आणि साखर आवरत नाही. हिरड्यांवर उपचार झाले की ती थोडी खाली येते, असे आढळले आहे.

30 वर्षांवरील माणसांची साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. उपाशीपोटी 126 किंवा अधिक आली तर पुन्हा तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने उपचार घ्यावे. 100 ते 125 असेल तर बीमारी अजून दारात आहे. पुढची तपासणी चुकवू नये.