आधी मोजा, मग बदला

हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कात केपीआयटी आणि टाटा टेक्नॉलॉजीज या दोन कंपन्यांची मुख्यालयं आहेत. जगभरच्या वाहन कंपन्यांसाठी गाड्यांची रचना, इलेक्ट्रॉनिक्स आणि सॉफ्टवेअर यांचं काम इथे चालतं. हिंजवडी आणि माण ही गावं मुळशी तालुक्यातली. याच तालुक्यातल्या आणि पलीकडच्या लोणावळ्यातल्या रिसॉर्टांवर पावसाळाभर एक वेगळीच गाडी धावते: चार रुंद टायर, मोटरसायकलसारखं हँडल, अंगभर चिखल. ही एटीव्ही, म्हणजे ऑल-टेरेन व्हेइकल. तिचा पेट्रोलचा काटा अडकला किंवा सेल्फ बंद पडला, की तो दोष शोधण्याची रीत काचेच्या इमारतीत आणि पत्र्याच्या शेडमध्ये सारखीच असते. ती रीत फार थोड्या ठिकाणी नीट शिकवली जाते, म्हणून हा परिचय.

एटीव्हीत विजेचे बिघाड वारंवार होतात, कारण तिचं आयुष्यच खडतर. इंजिन, वायरिंग आणि वायरी जोडणारे कपलर जवळजवळ उघड्यावर असतात. खड्ड्यांतून उड्या मारताना हार्नेस चौकटीच्या नळीवर घासतो. पाणी कपलरमध्ये शिरतं आणि पितळी पिनांवर हिरवा थर चढतो. दिवसाच्या शेवटी प्रेशर वॉशरने गाडी धुतली, की जिथे चिखल पोचला नव्हता तिथेही पाणी पोचतं. धुतल्यावर दुसऱ्या दिवशी मीटर वेडंवाकडं दाखवू लागला, तर पहिला संशय कपलरवर घ्यावा.

शोधाची सुरुवात बॅटरीपासून. भरलेली, विसावलेली 12 व्होल्टची बॅटरी मल्टिमीटरवर 12.6 च्या आसपास दिसते. सेल्फ मारताना आकडा खाली येणारच, पण तो 10 च्या खूप खाली कोसळला तर बॅटरी अशक्त आहे किंवा सेल्फ जास्त करंट ओढतो आहे. इंजिन चालू करून थोडी रेस दिली की बॅटरीच्या टोकांवर साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट यायला हवेत. तेवढे आले नाहीत, तर आपल्याकडे सर्रास आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर) बदललं जातं. त्याआधी वीज तयार करणाऱ्या मॅग्नेट कॉइलकडे जायचं असतं. तिथून निघणाऱ्या तीन वायरींत, कपलर काढून, कोणत्याही दोन वायरींमधला रोध सारखा हवा आणि एकही वायर इंजिनच्या बॉडीला जोडलेली दिसता कामा नये. इंजिन चालू असताना तिन्ही जोड्यांवर एसी व्होल्टेज सारखं निघालं आणि रेसबरोबर वाढलं, तर कॉइल निर्दोष. आता आरआर युनिट आणि बॅटरीपर्यंतच्या वायरी तपासायच्या. उलट, बॅटरीच्या टोकांवरचं व्होल्टेज 15 च्या वर जात असेल, तर बॅटरी उकळण्याआधी आणि बल्ब उडण्याआधी गाडी थांबवावी.

या कामात सर्वांत जास्त फसवते ती अर्थिंग. गंजलेल्या बोल्टमधून कंटिन्युइटीची शिटी वाजते, कारण मीटर त्या तपासणीसाठी अगदी किरकोळ करंट सोडतो. सेल्फ किंवा हेडलाइट मात्र त्याच बोल्टमधून कितीतरी जास्त करंट मागतो आणि तिथे व्होल्टेज गळतं. म्हणून ही तपासणी भार चालू ठेवूनच करायची. मीटरची एक सळई बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरी इंजिनच्या किंवा दिव्याच्या बॉडीला लावून सेल्फचं किंवा दिव्याचं बटण दाबायचं. आकडा 0.2 व्होल्टच्या आत राहिला तर अर्थिंग ठीक. अर्धा-एक व्होल्ट दिसला, तर बोल्ट सोडवा, रंग आणि गंज खरवडून काढा, पुन्हा आवळा. सँडपेपरच्या एका तुकड्यावर भागणाऱ्या दुरुस्तीसाठी अनेकदा नवा सेल्फ घेतला जातो.

मीटर-काट्यांच्या बिघाडात पहिला प्रश्न एकच विचारावा: एक मीटर बिघडला की सगळे? सगळे एकदम नाचू लागले, तर त्यांची सामाईक अर्थिंग, फ्यूज किंवा पुरवठ्याची वायर बघायची. एकटाच बिघडला, तर त्याच्या सेन्सरची वाट धरायची. पेट्रोलच्या टाकीतला फ्लोट म्हणजे बदलता रोध. फ्लोट बाहेर काढून, पेट्रोलच्या वाफांपासून दूर, दांडी हळूहळू वर-खाली करावी. मल्टिमीटरवरचा आकडा सलग बदलायला हवा. तो मध्येच उडी मारत असेल, तर आतली पट्टी झिजली आहे. तापमानाच्या सेन्सरचा रोध उष्णतेबरोबर कमी होतो. त्यामुळे तुटलेली वायर गाडी थंड असल्याचं दाखवते आणि बॉडीला टेकलेली वायर गाडी तापल्याचं. वेगाच्या सेन्सरला बहुधा तीन वायरी असतात: पुरवठा, अर्थिंग आणि सिग्नल. चाक हाताने फिरवलं की सिग्नलचं व्होल्टेज वर-खाली व्हायला हवं.

नव्या गाड्यांत ही माहिती कॅन नावाच्या दोन वायरींवरून मीटरपर्यंत जाते. बॉश कंपनीने ही पद्धत 1986 मध्ये जगापुढे मांडली. या जोडीच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचे रोध असतात. म्हणून बॅटरी सोडवून दोन वायरींमध्ये मोजलं तर 60 ओहम यावेत. 120 आले, तर एका टोकाचा रोध किंवा तिथपर्यंतची वायर तुटली आहे. लॅपटॉप न लावताही इतकं कळतं.

ही शिस्त तरुण हातांत यावी यासाठी आपल्याकडे एक उत्तम शाळा आहे: बाहा एसएईइंडिया. अमेरिकेत 1976 मध्ये सुरू झालेल्या ऑफ-रोड गाड्यांच्या स्पर्धेचं हे भारतीय रूप 2007 मध्ये मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला सुरू झालं. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ स्वतः बांधलेली गाडी घेऊन तिथे उतरतात. अनेक वर्षं सर्वांना ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं सारखंच इंजिन वापरावं लागे, आणि शेवटची शर्यत चार तासांची. या इंजिनाची ठिणगी मॅग्नेटोवर चालते, तिला बॅटरी लागत नाही. चालकाजवळचं आणि गाडीच्या बाहेरचं, अशी दोन्ही किल स्विचं इग्निशन कॉइलला अर्थिंग देऊन इंजिन बंद करतात. आता या स्विचची वायर चौकटीच्या नळीवर घासून उघडी पडली, तर प्रत्येक उडीला इंजिन गचकतं आणि पोरं कार्बुरेटर उघडून बसतात. किल स्विचची वायर इंजिनाशी सोडवून स्पार्क टेस्टरने ठिणगी बघितली, तर दोष इंजिनात आहे की वायरीत हे मिनिटात ठरतं. वायर सोडवल्यावर स्विचने इंजिन बंद होत नाही, म्हणून त्या अवस्थेत गाडी चालवायची नाही.

यासाठी लागणारी हत्यारं महाग नाहीत. मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, काँटॅक्ट क्लीनर, गाडीचा वायरिंग डायग्राम आणि एक वही. चांगले मल्टिमीटर नाशिकमध्येच बनतात: मोटवाने आणि ऋषभ ही तिथली नावं या क्षेत्रात जुनी आहेत. वहीत प्रत्येक आकडा तारखेसह लिहावा. गाडी ठीक असतानाचे आकडे जवळ असले, तर बिघाडाच्या दिवशी तुलना करता येते.

रिसॉर्टचालकांनी आणि गॅरेजमालकांनी पावसाळ्याआधी एक दिवस राखून प्रत्येक गाडीचे कपलर उघडून साफ करावेत, डायइलेक्ट्रिक ग्रीस लावावं, अर्थिंगचे बोल्ट आवळावेत आणि प्रेशर वॉशरचा झोत वायरिंगपासून लांब ठेवावा. आयटीआयच्या शिक्षकांनी भाराखालची व्होल्टेज तपासणी मुलांच्या हातून करून घ्यावी. आणि गाडीमालकांनी, नव्या सुट्या भागाचे पैसे देण्याआधी, मेकॅनिकला मोजलेला आकडा जरूर विचारावा.