अकरा महिने संपताना

भाड्याच्या खोल्या शोधून द्यायच्या आमच्या कामात मे महिन्याचा शेवटचा आठवडा सगळ्यात जड. पाऊस लागायच्या आणि शाळा उघडायच्या आत मानखुर्द-गोवंडीतले भाडोत्री सामान हलवतात. ज्यांच्या भाड्याचे अकरा महिने भरले ते, आणि ज्यांना मालकाने मुदतीआधीच उठायला सांगितलं तेही.

साडेसहाला मी नळावर पोहोचते. वस्तीत पाणी येतं ती हीच वेळ, आणि कुणाची खोली रिकामी होतेय हे सगळ्यात आधी कळतं तेही इथेच. फोनवरच्या घरं शोधायच्या ॲपमध्ये दहा बाय बाराची खोली सापडत नाही. ती नळावर सापडते, किराणा दुकानात सापडते, नाहीतर विजेच्या खांबावर चिकटवलेल्या चिठ्ठीत. हंडा भरता भरता बायका सांगतात, तिसऱ्या गल्लीतला शिंपी गावी चाललाय, मशिदीमागच्या खोलीत पावसाचं पाणी शिरतं, अमक्या मालकाने गेल्या भाडोत्रीचं डिपॉझिट अजून दिलेलं नाही. यातलं एकही एजंट सांगणार नाही.

आजचा शोध एका ताईंसाठी आहे. नवरा वारला, मुलगा आठवीत, मुलगी चौथीत. चेंबूरला चार घरची कामं, महिन्याला तेरा हजार मिळतात. मालकाच्या पुतण्याचं लग्न ठरलंय, म्हणून महिनाअखेर खोली रिकामी हवी आहे. 'नालासोपाऱ्याला जा, दिव्याला जा, स्वस्त पडेल,' असं त्यांना जो तो सुचवतो. स्वस्त पडेलही. पण पहिल्या घरी सातला पोहोचायचं तर तिथून पहाटे चारला उठावं लागेल, रेल्वेचा पास काढावा लागेल, आणि दोनदा गाडी चुकली की एक काम जाईल. भाड्यात वाचलेले दोन हजार त्या कामासोबतच जातील. म्हणून माझ्या वहीत भाड्याच्या आधीचा रकाना आहे तो कामावर चालत किंवा एका बसने जाता येईल का, याचा.

साडेनऊला एजंटकडे. टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर गणपती आणि चाव्यांचा फळा.

"किती माणसं?"

"आई आणि दोन मुलं."

"मिस्टर काय करतात?"

"नाहीत."

त्याचं पेन थांबतं. "ताई, माझं काही नाही हो. पण मालक फॅमिलीच मागतात."

"आई आणि दोन मुलं म्हणजे फॅमिलीच की, भाऊ."

मग आडनाव विचारलं जातं. त्या एका प्रश्नावर किती दारं बंद होतात ते मी रोज बघते. मुसलमान कुटुंबाला ठरावीक गल्ल्यांच्या बाहेर खोली दाखवतच नाहीत. बौद्ध कुटुंबाला 'कालच दिली' म्हणून परत पाठवतात, आणि दुपारी दुसरं आडनाव सांगून फोन केला की तीच खोली रिकामी निघते. एकट्या बाईचं तर आडनाव कुठलंही असो, संध्याकाळी कोण येतं-जातं याची चौकशी आधी होते. हा अपमान भाड्याच्या आकड्यात कुठेच दिसत नाही, पण खोली न मिळण्याचं ते निम्मं कारण असतं.

एजंट मग हेवी डिपॉझिटचा विषय काढतो. "साडेतीन लाख द्या, भाडं शून्य. उठताना सगळे परत." ज्यांच्याकडे गावची जमीन विकून आलेले पैसे आहेत किंवा मोडायला सोनं आहे, त्यांना हे बरं वाटतं. पण मालक त्या पैशात मुलीचं लग्न करतो किंवा दुसरी खोली घेतो, आणि तुम्ही उठायचं म्हटलं की पुढच्या भाडोत्रीकडून रक्कम येईपर्यंत थांबा म्हणतो. हातात असतो फक्त नोटरीचा कागद. असे अडकलेले लोक माझ्याकडे येतात तेव्हा मला फार कमी करता येतं, म्हणून मी आधीच नको म्हणते. ताईंकडे साडेतीन लाख नाहीतच, ही वेगळी गोष्ट.

अकराच्या उन्हात ताई आणि त्यांच्या मुलीसोबत दोन खोल्या बघितल्या. पहिली पोटमाळ्यावरची. बाहेरून लोखंडी शिडी, वर पत्रा, उभं राहिलं की हात छताला लागतो. भाडं साडेपाच हजार, डिपॉझिट तीस. मोरी आहे, संडास वस्तीतला सार्वजनिक. सबमीटर बघितला. मालक युनिटमागे आपला दर लावतो आणि तो त्याच्या स्वतःच्या बिलातल्या दरापेक्षा जास्त असतो. शिवाय पत्र्याखाली मे महिन्यात पंखा रात्रभर चालणार, म्हणजे साडेपाच हजारांचे सहज साडेसहा होतात. मी मुलीला शिडी चढून उतरून दाखवायला सांगितलं. पावसात, दप्तर घेऊन, अंधारात ती हे कसं करेल? ताई काही बोलल्या नाहीत, पण पुढे चालू लागल्या.

दुसरी खोली बरी होती. तळमजला, खिडकी, भाडं सहा हजार. मात्र करार करायला मालक तयार नाही. खोली झोपडपट्टीतली, आणि भाडोत्रीचं नाव सरकारी कागदावर चढलं तर पुनर्विकासाच्या वेळी तो हक्क सांगेल ही त्याची धास्ती. याच धास्तीपोटी कित्येक मालक अकरा महिने भरले की भाडोत्री बदलतात, ओळख घट्ट व्हायच्या आतच. आणि करार नसला की आधारवरचा पत्ता बदलणं अवघड जातं, रेशनकार्डावर जुनाच पत्ता राहतो, आणि कुणाला लहान मुलासाठी शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) 25 टक्के जागांचा अर्ज भरायचा तर भाडोत्रीकडे नोंदणीकृत करारच मागतात.

दुपारी ऑफिसात डबा खाताना कलम 55 चा कागद पुन्हा झेरॉक्सला दिला. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातलं हे कलम मला सगळ्यांत उपयोगी पडतं. करार लेखी करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्याने ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि वाद झालाच तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडोत्रीचं म्हणणं धरलं जातं. हे मालकाला धमकी म्हणून वाचून दाखवायचं नसतं, नाहीतर खोली हातची जाते. करार झाला तर तुमचंही रक्षण होतं, असं समजावायचं असतं.

तेवढ्यात एक आजोबा आले. म्हाडाच्या लॉटरीत भाड्याचं घर निघतं का, विचारत होते. लॉटरीतली घरं विकत घ्यायची असतात, अनामत भरायची, कर्ज काढायचं, हे सांगताना त्यांचा चेहरा उतरला. भाड्याच्या सरकारी घरांचा प्रयत्न या महानगरात झाला होता. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) 2008 मध्ये 160 चौरस फुटांच्या घरांची योजना आणली. पुढे धोरण बदललं, आणि पनवेलजवळच्या कोनमधली तशी घरं गिरणी कामगारांना सोडतीने विकायला काढली. कोविडमध्ये मजुरांचे लोंढे पायी गावाकडे निघाले तेव्हा, जुलै 2020 मध्ये, केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या संकुलांची योजना मंजूर केली. आमच्या वस्तीतल्या कुणाला तिच्यातून खोली मिळाल्याचं मला ठाऊक नाही. आणि 2011 च्या जनगणनेत एकट्या मुंबईत पावणेपाच लाखांच्या आसपास घरं रिकामी होती. धोरण ठरवणाऱ्यांना गरिबाला मालकच करायचं असतं. आजोबांना मालक व्हायचं नाहीये, त्यांना हातपाय चालतात तोवर राहायला छत हवंय. त्यांचं नाव लिहून घेतलं, उद्या नळावर विचारते म्हटलं.

पाच वाजता देवनार गावातल्या एका जुन्या बैठ्या चाळीत गेलो. सकाळी नळावरच कळलेली खोली. मालक काका निवृत्त, पेन्शन नाही, दोन खोल्यांच्या भाड्यावर घर चालतं. अशा माणसाशी बोलताना मला नेहमी दोन्ही बाजू दिसतात. त्यांनाही औषधं घ्यायची आहेत. भाडं साडेसहा हजार म्हणाले, डिपॉझिट पन्नास. नोंदणीला खर्च फार होतो, नको म्हणाले.

मी वहीवर हिशेब मांडून दाखवला. अकरा महिन्यांचं भाडं साडेएकाहत्तर हजार, वर डिपॉझिटवर 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज, आणि या एकूण रकमेवर मुद्रांक शुल्क पाव टक्का. म्हणजे दोनशे रुपयेही होत नाहीत. शहरात नोंदणी फी 1,000. अंगठा घ्यायला माणूस घरी येतो, त्याचे पैसे वेगळे. पोलिस ठाण्याला भाडोत्रीची माहिती ऑनलाइन देता येते, ती मी भरून देईन. काकांनी चष्मा लावून आकडे पुन्हा जुळवले. शेवटी डिपॉझिट चाळीसवर आलं, कराराला हो म्हणाले.

"पण चाळीस आधी लागतील, बाई. मग चावी."

सगळं अडतं ते इथेच. ताईंचे तीस हजार जुन्या मालकाकडे आहेत आणि तो ते खोली रिकामी झाल्यावर, रंगाचे आणि लाइट बिलाचे कापून, आठ-दहा दिवसांनी देणार. भाडं ताई दर महिन्याला भरत आल्या आहेत, एकदाही चुकल्या नाहीत. परवडत नाहीत ते दोन डिपॉझिटांच्या मधले दहा दिवस. तेवढ्यासाठी बायका खाजगी सावकाराकडे जातात, महिना दहा टक्क्यांनी, आणि ते व्याज पुढच्या खोलीपर्यंत पाठ सोडत नाही. एखाद्या बँकेने, महापालिकेने किंवा राज्य सरकारने फक्त एवढीच रक्कम थोडे दिवस पुढे केली, तर इमारत न बांधताही कितीतरी कुटुंबं आपल्या कामाजवळ टिकतील. हे मी जिथे संधी मिळेल तिथे मांडते.

रात्री आठला बचत गट बसला. ताईंनी दहा हजार साठवलेले काढले, तीस गटाकडे मागितले. चर्चा लांबली, कारण पैसा सगळ्यांचा आहे आणि जूनमध्ये वह्या-पुस्तकांसाठी प्रत्येकीला लागणार आहे. शेवटी ठरलं ते असं: पंधरा दिवसांसाठी तीस हजार, व्याज नाही, आणि जुन्या मालकाकडून डिपॉझिट परत करण्याची तारीख लिहून घ्यायची.

"आणि त्याने तारखेला दिले नाहीत तर?" खजिनदार मावशींनी विचारलं.

"तर आपण सगळ्याजणी त्याच्या दारात जाऊन बसू," मागून कुणीतरी म्हणालं.

मावशींनी रजिस्टरमध्ये रक्कम लिहिली, ताईंची सही घेतली आणि पुढचा अर्ज वाचायला घेतला. तोही डिपॉझिटचाच होता.