चारशेचा हट्ट

संपादकांनी सांगितलं होतं तेजस या लढाऊ विमानावर लिही. 17 ऑक्टोबर 2025 ला नाशिकचं पहिलं तेजस मार्क-1ए जवळच्या ओझरहून उडालं, तेव्हा विषय ताजाच होता. मी मात्र सुखोईच्या जनरेटरपाशी अडकलो.

इतिहास थोडक्यात: 1964 मध्ये मिग-21 साठी हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा (एचएएल) कारखाना ओझरला उभा राहिला, पुढे मिग-27 आणि 2004 पासून सुखोई-30 एमकेआय. मिग-21 चा मुख्य जनरेटर 28 व्होल्टचा, डीसी. एसी लागेल तिथे फिरते कन्व्हर्टर. सुखोईत दोन इंजिनांवर 30 केव्हीएचे दोन एसी जनरेटर, 400 हर्ट्झचे. घरात 50 असताना इथे 400 का? फ्रीक्वेन्सी वाढली की ट्रान्सफॉर्मर आणि मोटर हलके होतात, आणि विमानात किलोकिलोचा हिशोब असतो.

खरी पंचाईत पुढे आहे. सायकलचा डायनॅमो पायडलच्या लहरीवर चालतो, तसा जनरेटर थेट इंजिनाला जोडला तर थ्रॉटल हलताच फ्रीक्वेन्सी भरकटेल. म्हणून मध्ये एक हायड्रॉलिक पंप-मोटरची जोडी आणि डिफरेन्शियल गिअर. गव्हर्नरची वजनं फिरता फिरता वेग जोखतात, तेलाची झडप सरकवतात, पंपाची तिरकी तबकडी कलते. इंजिन मंदावलं की तेल वेगात भर घालतं, पळालं की उलट फिरून कापून घेतं. मधल्या एका नेमक्या वेगाला हायड्रॉलिक मोटर चक्क थांबते; ना भर, ना वजावट. कॉम्प्युटरशिवाय, निव्वळ स्प्रिंग आणि तेलावर! मला तरी हे इंजिनाच्या गडगडाटापेक्षा थोर वाटतं.

पण हे यंत्र फार नाजूक. एकच तेल ताकद पोचवतं, वंगण करतं, उष्णताही वाहून नेतं. त्यात बारीकसा कण शिरला तरी झडप अडखळते, कारण ती आणि तिचं घर एकमेकांना घासून बसवलेली जोडी असते. एकीच्या जागी दुसरी चालत नाही. अशा बहुतेक यंत्रणांत तापलेला जनरेटर वैमानिकाने इंजिनापासून तोडला, की उतरेपर्यंत पुन्हा जोडता येत नाही. उरलेल्या एकावर सगळा भार.

बोईंग 787 ने चारशेचा हा हट्टच सोडला. तिथे फ्रीक्वेन्सी 360 ते 800 मध्ये हवी तशी फिरते, सांभाळून घेतं ते इलेक्ट्रॉनिक्स. सुखोईला ती मुभा नाही, तिची उपकरणं चारशेवरच बेतलेली. डिसेंबर 2024 मध्ये आणखी 12 सुखोईंचा करार झाला, त्याही ओझरलाच बनणार. झडपा घासून बसवणारे हात पुढच्या पिढीत कुठून येतील, याची काळजी मला वाटते.