जुन्या गाडीचं क्रोम : किती घासायचं, कुठे थांबायचं

आज बोलायचंय जुन्या गाडीच्या चकचकीत भागांबद्दल. बंपर, हेडलाइटच्या रिंगा, दरवाज्यांची हँडलं, हबकॅप आणि खिडक्यांखालच्या पट्ट्या. तुमच्याकडे अँबॅसेडर असो, पद्मिनी असो की आणखी काही, प्रश्न सगळ्यांचा एकच असतो: ही गेलेली चमक परत येईल का?

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. आमच्याकडे बाबांची जुनी पद्मिनी आहे, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. बाबांच्या पंचाहत्तरीला ती चकाचक करून दारात उभी करायची, असं मी ठरवलं. पुढच्या बंपरवर गंजाचे ठिपके होते. ओळखीच्या एकाने सांगितलं, "संडास साफ करायचं ॲसिड लाव, दोन मिनिटांत गंज जातो." गंज गेला खरा. पण त्याच्याबरोबर चमकही गेली आणि बंपर पिवळट, मंद दिसायला लागला. बाबा एवढंच म्हणाले, "अरे, इतकी वर्षं मी नुसत्या फडक्याने पुसत होतो."

मग नेमकं झालं काय? आपल्याला बंपर म्हणजे अख्खा क्रोमचा तुकडा वाटतो. तो तसा नसतो. आत लोखंडी पत्रा असतो. त्यावर निकेलचा थर, बऱ्याचदा निकेलखाली तांब्याचाही, आणि सगळ्यात वर क्रोमियमचा अगदी पातळ मुलामा. हा मुलामा साधारण पाव मायक्रॉनचा असतो. डोक्याचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास धरला, तर एका केसाच्या जाडीत असे दोनशेहून जास्त थर मावतील! पितळेच्या पातेल्याची कल्हई आठवा. पातेलं घासून कल्हई वाढत नाही, कमीच होते. इथेही तसंच आहे.

संडास साफ करायच्या बऱ्याच द्रावणांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतं आणि ते क्रोमियम विरघळवतं. मुलामा देणारे कारागीर जुना क्रोम उतरवायला हेच आम्ल वापरतात. म्हणजे मी गंज काढत नव्हतो, मुलामा उतरवत होतो. क्रोमचा रंग किंचित निळसर असतो, निकेलचा किंचित पिवळसर. बंपर पिवळट दिसला म्हणजे क्रोम संपला, निकेल उघडं पडलं. लालसर दिसला तर तांबं उघडं पडलं.

आता कामाला लागू. पहिली गोष्ट, समोरचा धातू ओळखा. फ्रिजवरचं लोहचुंबक घ्या आणि मध्ये पातळ फडकं धरून लावून बघा. घट्ट चिकटलं तर बहुधा लोखंडावरचा क्रोम. चिकटलं नाही, तर तीन-चार शक्यता असतात. स्टेनलेस स्टीलच्या पट्टीवर मुलामा नसतो, त्यामुळे बारीक ओरखडे पॉलिशने निघू शकतात. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बऱ्याचदा संरक्षक थर चढवलेला असतो. तिला आम्ल किंवा तीव्र क्षाराचं क्लीनर अजिबात लावू नका, पांढरे डाग पडतात आणि ते जात नाहीत. हँडलं बऱ्याचदा जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असतात. त्यांच्यावर फोड आले असतील तर घासू नका, पापुद्रा निघून येईल. आणि टिचकी मारल्यावर प्लास्टिकचा आवाज आला, तर साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, बस!

लोखंडावरच्या क्रोमसाठी आधी गाडीच्या शांपूने धूळ पूर्ण धुऊन काढा. धुळीसकट घासणं म्हणजे वाळूने घासणं. मग आपल्या डब्यातल्या पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियमचा फॉइल घ्या. छोटा तुकडा चुरगळून साध्या पाण्यात बुडवा आणि गंजाच्या ठिपक्यांवर हलक्या हाताने फिरवा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असतं, म्हणून जोर न लावता केलं तर ओरखड्यांची भीती कमी. पाणी तपकिरी-काळं होईल. ते लगेच पुसा, कारण सुटलेला गंजही ओरखडे पाडतो. आधी बंपरच्या खालच्या, न दिसणाऱ्या कडेला करून बघा. भांड्यांची तारेची घासणी आणि सँडपेपर यांना हात लावू नका.

गंज निघाला की थोडं क्रोम पॉलिश, मग कोरड्या फडक्याने पुसणं आणि शेवटी वॅक्सचा पातळ हात. वॅक्स विसरू नका. ठिपका पडला म्हणजे मुलाम्याला तिथे बारीक छिद्र आहे आणि पाणी आत शिरतंय. पॉलिशने ते छिद्र भरत नाही, वॅक्स निदान पाणी अडवतं. समुद्राजवळ राहत असाल तर हे जास्त वेळा करा. ओल्या गाडीवर कव्हर टाकू नका. बंपरची मागची बाजूही बघा. तिथे गंज असेल तर साफ करून गंजरोधक प्रायमर लावा.

आता थांबायचं कुठे? पिवळा किंवा लालसर रंग दिसला, पापुद्रे उचलले गेले किंवा नखाला खड्डे लागले की घरचं काम संपलं. तिथे नवा मुलामाच हवा. त्यात जुने थर उतरवणं, पोचे काढणं, बफिंग आणि मग एकेक थर चढवणं असतं. चमक मुख्यतः बफिंगवर आणि निकेलवर ठरते, म्हणून "बफिंग कसं करता?" हे आधी विचारा, भाव नंतर. हे काम घरी करायच्या भानगडीत पडू नका. क्रोमच्या अनेक टाक्यांत षट्संयोजी क्रोमियम असतं आणि त्याने कर्करोग होऊ शकतो.

आमचा पुढचा बंपर शेवटी नव्या मुलाम्याला द्यावा लागला. कारखान्यातून आलेला तो मूळ थर मात्र कायमचा गेला. मागचा बंपर मी आणि बाबांनी एका सकाळी फॉइलने साफ केला. चार ठिपके उरलेत. बाबा म्हणाले, "राहू देत, गाडीचंही वय झालंय." तेव्हा मंडळी, आधी चुंबक, मग पाणी, मग फॉइल. आणि ॲसिड? ते संडासातच राहू द्या. भेटू पुढच्या भागात.