वहिनीची वाटी

माझं माहेर दौंड तालुक्यातलं राहू. भीमा आणि मुळा-मुठा यांच्यामधल्या या पट्ट्याला राहू बेट म्हणतात. सगळीकडे ऊस, आणि गुऱ्हाळं पेटली की हवेलाही गुळाचा वास. इथे कुणाच्या ताटात कमी असेल, हे पाहुण्याच्या मनातसुद्धा येणार नाही.

गेल्या सप्टेंबरात गेले तेव्हा पोषण महिना चालू होता. २०१८ पासून तो देशभर पाळतात. अंगणवाडीत नाचणीचे लाडू, अळिवाची खीर, मोडाची मटकी हौसेनं मांडली होती. अंगणवाडीच्या ताईंनी मग बायकांना विचारलं, "काल दिवसभरात तुम्ही स्वतः काय काय खाल्लंत?"

हसणं थांबलं. वहिनीची पाळी आली. "सकाळी चहा-खारी. दुपारी चपाती-बटाटा. रात्री आमटी संपली होती, मग चहात चपाती बुडवली." घरातले सगळे उठल्यावर ती बसते. मी त्याच घरात वाढले, पण मला हे कधी खटकलं नव्हतं. उन्हाळ्यात ती उसात चक्कर येऊन पडली तेव्हा हिमोग्लोबिन निघालं आठ. हवं किमान बारा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के रक्तक्षयी आढळल्या, त्यातलीच ही एक.

माझ्या लहानपणी बाजरीत तूर, मटकी, हुलगे असायचे. बांधावर तांदुळजा आणि घोळ फुकट मिळायची. उसानं पैसा आणला, पण बाजरी गेली, तिच्याबरोबर कडधान्यं गेली, आणि तणनाशकानं राहिलेली भाजीही नेली. आता डाळ दुकानातून येते, ती मोजूनमापून शिजते. जमैकासारख्या कॅरिबियन बेटांवरही उसाच्या मळ्यांपायी खाण्याचं बरंचसं बाहेरून येऊ लागलं. तिथे १९६७ साली पोषणासाठी वेगळी संस्था काढून रोजच्या जेवणाचे धडे द्यावे लागले. जुनं सगळं सोनं होतं असं मात्र मी म्हणणार नाही. बायका तेव्हाही शेवटीच जेवत, आणि १९७२ च्या दुष्काळात मिलो आणि सुकडीवर दिवस काढलेली माणसं घरोघर आहेत.

ताईंनी दोनच गोष्टी पुन्हापुन्हा सांगितल्या. बाजरीत मैद्याच्या कितीतरी पट लोह असतं, पण जेवणावर लगेच चहा घेतला तर ते अंगी लागत नाही. त्याऐवजी लिंबू पिळा. वहिनीच्या लोहाच्या गोळ्या फडताळात तशाच पडल्या होत्या. पोटात मळमळतं, म्हणून.

घरी येऊन मी हे आईला सांगितलं. आई फणकारली, "आम्ही नाही खाल्लं शेवटी? मेलो का?" मी गप्प बसले. रात्री वाढताना तिनं पातेल्यातून आधी एक वाटी घट्ट आमटी काढली आणि वर ताटली झाकली. दादानं दुसऱ्यांदा आमटी मागितली, तर म्हणाली, "ती तिची. तुला ताक आहे."

दिवाळीनंतर वहिनीचा फोन आला. हिमोग्लोबिन साडेनऊ झालं होतं. आता भाकरी रोज होते, गोळी ती जेवल्यावर लिंबूपाण्याबरोबर घेते. "पण वन्सं," ती हळूच म्हणाली, "जेवणावरचा चहा काही सुटत नाही हो."