दाखला आणि मीटर

जून 2022 मध्ये इंग्लंडातील व्यापारी इमारतींच्या ऊर्जा-दाखल्याची गणनपद्धती बदलली, विजेच्या प्रत्येक युनिटामागे गृहीत धरावयाचा कार्बन 519 ग्रॅमांवरून 136 ग्रॅमांवर आला, आणि विजेवर उबदार ठेवल्या जाणाऱ्या कित्येक कचेऱ्या, एकही खिडकी न बदलता, नव्या दाखल्यात वरच्या श्रेणीस गेल्या. वीजनिर्मिती स्वच्छ झाली हे खरेच. परंतु त्या वास्तूंतील अपव्यय तसूभरही घटला नव्हता, आणि असे दाखले तयार करण्याच्या कामात उमेदीची वर्षे वेचलेल्या माझ्यासारख्याच्या मनाला ही गोष्ट फार लागली.

या दाखल्यांच्या मुळाशी असलेला 2002 चा युरोपीय निर्देश आणि पुढची मसुद्यांची वर्षे मी सोडून देतो. माझे दशक 2008 पासूनचे. त्या एप्रिलात दहा हजार चौरस मीटरांहून मोठ्या इमारतींना आणि ऑक्टोबरपर्यंत उरलेल्या बहुतेक सर्व व्यापारी जागांना, विक्री वा भाडेपट्टा होताना, ‘ए’ ते ‘जी’ श्रेणीचा दहा वर्षे मुदतीचा दाखला आवश्यक झाला. बॉयलरच्या खोल्या आणि छतांवरील यंत्रे आम्ही कसोशीने पाहत असू. मात्र भिंतीच्या थरांचे वा यंत्राच्या क्षमतेचे कागद मालकाच्या दफ्तरी न सापडले, की संगणकातील ठरीव आणि बहुधा प्रतिकूल गृहीतक तेथे बसे. वापराचे तासही ठरीवच असत, त्यामुळे रात्रभर चालू राहिलेल्या पंख्यांची व दिव्यांची नोंद त्या हिशेबात कोठेच नसे. पाहणीपूर्वीच अमुक श्रेणी हवी म्हणून बजावणारे दलाल मला भेटले. त्यांचा राग अजून गेलेला नाही.

वास्तविक उत्तम उपाय शेजारीच होता. मोठ्या सरकारी इमारतींत, प्रत्यक्ष मीटरवरून काढलेला आणि दरसाल नवा करावयाचा दाखला दर्शनी भागी लावणे 2008 पासूनच सक्तीचे होते. तोच नियम व्यापारी इमारतींस लावण्याचा मनोदय 2011 साली सरकारने प्रकट केला आणि, कित्येक मोठे मालक अनुकूल असतानाही, तो सोडून दिला. ऑस्ट्रेलियाने 2010 च्या कायद्याने मोठ्या कचेऱ्यांना मापलेल्या वापरावरील मानांकन जाहीर करावयास लावले होते. म्हणजे अशक्यतेची सबब येथे चालण्यासारखी नव्हती. त्या माघारीने एक संपूर्ण दशक वाया घालवले, असे माझे स्पष्ट मत आहे.

1 एप्रिल 2018 पासून ‘ई’खालील जागा नव्याने भाड्याने देण्यास आणि 2023 पासून चालू भाडेपट्टा पुढे ठेवण्यासही, नोंदवलेल्या सवलती वगळता, मनाई झाली; दीड लाख पौंडांपर्यंत दंडाचीही तरतूद आली. कायद्याचा हात बळकट झाला, परंतु त्या हातातील मोजपट्टी मात्र अनुमानाचीच राहिली.

इंग्लंडात दुकाने, कचेऱ्या बाळगून असलेल्या मराठी मालकांना माझी विनंती आहे की, दाखल्यासोबत गेल्या बारा महिन्यांची वीज व गॅसची बिले भाडेकरूपुढे ठेवा. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहू नका.